नाव पोटाचं, नाच अख्ख्या अंगाचा

तळवलीत हळदीच्या रात्री बेंजोवाल्यांनी कोळीगीताची चाल धरली की आजीपासून पोरीसोरींपर्यंत सगळ्या मांडवात उतरतात. कंबर हलते, खांदे हलतात, कुणाला काही वावगं वाटत नाही. पण त्याच गावातली एक मुलगी घणसोलीला इजिप्शियन नाच शिकायला जाऊ लागली, तेव्हा तिच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तो पोटाचा नाच चांगल्या घरच्या पोरी करतात का?" तिच्या काळजीला मी जे उत्तर दिलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

‘पोटाचा नाच’ हे नावच मुळात इजिप्तचं नाही. फ्रेंचांनी ते ठेवलं आणि १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर त्याचं इंग्रजी रूप अमेरिकेत पसरलं. कैरोत मंचावरच्या नाचाला ‘रक्स शर्की’ म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. घरात, गल्लीत, लग्नात बायका नाचतात तो ‘बलदी’. बलद म्हणजे गाव, मुलूख. बलदी म्हणजे आपल्या मातीतला. तिथे लग्नाची वरात निघते तिला ‘झफ्फा’ म्हणतात. ढोल असतो, सनईच्या कुळातलं मिझमार असतं, आणि पुष्कळदा नाचणारी पुढे चालते. हे चित्र तळवलीच्या बाईला परकं वाटायचं कारण नाही.

मग चमचमता तोकडा पोशाख? तोही फार जुना नाही. बदिया मसाबनी या बाईंनी १९२६मध्ये कैरोत आपलं नाट्य-नृत्यगृह सुरू केलं. ताहिया करिओका, सामिया गमाल तिथेच पुढे आल्या, आणि त्या काळातल्या मंचाने व सिनेमाने तो पोशाख रुजवला. घरातला बलदी मात्र बायका अंगभर झग्यावर कमरेला एक ओढणी घट्ट बांधून नाचतात. हा नाच फारोंच्या देवळांतून जसाच्या तसा आला, असंही हौसेने सांगितलं जातं. थडग्यांच्या भिंतींवर नाचणाऱ्या बायकांची चित्रं आहेत हे खरं, पण तिथपासून आजपर्यंत अखंड धागा दाखवणारा पुरावा नाही.

सगळ्यात खोल गैरसमज अब्रूचा आहे, आणि त्यावर मला थांबायचंच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इजिप्तमध्ये दोन प्रकारच्या कलावंत बायका होत्या. ‘घवाझी’ रस्त्यावर, जत्रेत नाचत. ‘अवालिम’ हा शब्द ज्ञानाशी जोडलेला. त्या जाणत्या बायका श्रीमंत घरांच्या जनानखान्यात, लग्नसमारंभात गात. आपल्याकडच्या आगरी लग्नात धवला गाणारी धवलारीण आठवा. विधीही तिला ठाऊक, गाणंही तिलाच पाठ, तिच्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. अशा मानाच्या जागेवरून इजिप्तची नर्तकी बदनामीकडे कशी ढकलली गेली? १८३४मध्ये मुहम्मद अली पाशाने कैरोतून नाचणाऱ्या बायकांना हद्दपार केलं. त्या दक्षिणेला एस्ना, केना, अस्वानकडे गेल्या. आधार तुटलेल्या त्या बायकांना युरोपीय प्रवासी तिथे भेटले, आणि त्यांनी पाहिलं तेच पुस्तकांत उतरलं. महाराष्ट्राला हे नवीन नाही. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना तमाशावर बंदी आली होती. लावणी लोकांना हवी, लावणी नाचणारी मात्र दाराबाहेर, हा आपला व्यवहार आणि कैरोचा व्यवहार एकाच जातीचे. दोष नाचात नव्हता.

‘कंबर हलवली की झालं’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ताल ऐकावा. इजिप्तमध्येही तबला आहे, पण तो सुरईच्या आकाराचा, एकाच तोंडाचा. मध्यभागी पडतो तो ‘दुम’, कडेला ‘तक’. मक्सूम या नेहमीच्या तालात ‘दुम तक, तक दुम, तक’ असं वाजतं. यातला दुसरा ‘तक’ बदलून तिथे ‘दुम’ घातला, म्हणजे मधोमध दोन दुम लागोपाठ आले, की तोच ताल साईदी होतो, दक्षिण इजिप्तच्या शेतकऱ्यांचा. एवढ्याशा बदलाने पावलांचं वजन जमिनीकडे जातं. आणि ‘तकसीम’ सुरू झाला, की एकटं वाद्य आलापासारखं मोकळं फिरतं. तिथे नर्तकीला पाठ केलेलं काही कामाला येत नाही. ऐकायचं आणि त्याच क्षणी अंगातून उत्तर द्यायचं. कंप सुटतो तो गुडघ्यांतून, बाकी शरीर शांत ठेवून. ते साधायला महिनोन्‌महिने जातात.

हा फक्त बायकांचा नाच, असंही नाही. दक्षिणेकडे पुरुष ‘तहतीब’ खेळतात. आपल्या लाठीकाठीशी नातं सांगणाऱ्या या खेळाची २०१६मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. बायका हातात काठी घेऊन नाचतात तो त्याचाच खेळकर पडसाद. महमूद रेदा हा मूळचा जिम्नॅस्ट, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेला. त्याने १९५९मध्ये पथक उभं केलं, गावोगावच्या हालचाली पाहिल्या आणि त्यातून मंचासाठी नवी रचना केली. फरीदा फहमी त्याची प्रमुख नर्तकी. चांगल्या घरची मुलगी मंचावर नाचते, हे इजिप्तच्या मध्यमवर्गाने तिच्यामुळे मान्य केलं, असं मला वाटतं.

आजचा समकालीन नाच रेदा आणि फरीदा यांच्या कामाच्या पुढचा आहे. करीमा मन्सूर यांनी २०१२मध्ये कैरोत समकालीन नृत्याचं प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. अरबी ठेक्यावर चार गिरक्या घेतल्या म्हणजे समकालीन झालं, असं नाही. श्वास, जमिनीला टेकलेलं अंग आणि शांतताही त्यात बोलते.

शेवटी त्या आईला मी एवढंच म्हटलं, की वर्गात जाऊन बसा आणि विचारा, मक्सूम आणि साईदी कानाने ओळखायला शिकवतात का. ती गेली. परत येऊन म्हणाली, "तो दोन दुमवाला ताल आपल्या हळदीत पण चालंल."