गर्दी नेमकी कुठे होते?

तळेगाव (श्यामजी पंत) इथे मोबाइलवर वर्धा-मुंबई प्रवासासाठी विदर्भ एक्स्प्रेसचं तत्काळ तिकीट काढणारा आणि त्याच गाडीसाठी नागपुरात खिडकीवर उभा असलेला, दोघांची मागणी शेवटी एकाच नोंदीपाशी येऊन ठेपते. रेल्वेचं आरक्षण दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांत वाटलेलं आहे. एक बर्थ दोघांना द्यायचा नाही, ही अट मात्र वाटून घेता येत नाही. ती पाळण्याच्या दोन मुख्य रीती आहेत: नोंदीला आधीच लॉक लावून बाकीच्यांना थांबवायचं, किंवा सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं आणि टक्कर झालीच तर एकाचा व्यवहार रद्द करून पुन्हा चालवायचा. वेगवान कोणती, यावर संशोधकांची गणितं परस्परविरोधी उत्तरं देत होती. राकेश अग्रवाल, मायकेल केरी आणि मिरॉन लिव्हनी यांनी 1987 मध्ये दाखवलं, की वादाचं मूळ गृहीतकांत आहे. प्रोसेसर आणि डिस्क अमर्याद धरल्या की पुन्हा चालवणं स्वस्त पडतं. त्या मोजक्याच असतील तर वाया गेलेलं काम इतरांचा वेळ खातं आणि थांबवणंच परवडतं.

म्हणून रीत निवडण्याआधी गर्दी कुठे होते ते ठरवावं लागतं. स्लीपरचं तत्काळ अकराला उघडतं, तेव्हा दिवसभराची सरासरी कामाची नाही. सर्व्हर वाढवले की झालं, असं कुणी म्हणेल. 2014 मध्ये ई-तिकिटांची क्षमता मिनिटाला 2,000 वरून 7,200 वर नेली गेली. पण ती साऱ्या गाड्यांची मिळून. समजा, एका गाडीच्या कोट्याची नोंद प्रत्येक व्यवहारासाठी 50 मिलिसेकंद अडकते. मग सर्व्हर कितीही असोत, त्या गाडीची तिकिटं सेकंदाला 20 च्या वर निघणार नाहीत. नोंद डब्यांनुसार तोडता येईल. पण बर्थ संपत आले की सगळे तुकडे धुंडाळावे लागतात, आणि ते दोन केंद्रांत असतील तर निरोपांच्या ये-जा करण्यात लॉक आणखी लांबतं.

गणित कशाला, मोजून पाहा, हा आक्षेप निम्मा खरा आहे. मोजणीशी न जुळणारं मॉडेल टाकूनच द्यावं. पण मोजणी झालेलं सांगते. नियम बदलला तर काय होईल, हे मॉडेल सांगतं. जुलै 2025 पासून तत्काळच्या पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना बंदी आहे. हेतू सामान्य प्रवाशाला न्याय देण्याचा. मॉडेलच्या नजरेनं मात्र ही एकाच वेळी आत सोडायच्या मागण्यांवरची मर्यादाही ठरते. लॉकच्या रीतीत एका हद्दीपलीकडे व्यवहार वाढले की काम घटतं, कारण थांबलेलेही आपापली लॉक धरून बसतात. अशा वेळी दार किती उघडायचं, हा निर्णय रीतीच्या निवडीइतकाच मोलाचा असतो.