पायाळू बाळ फिरवावं का?

“बाळ पायाळू आहे,” एवढं डॉक्टरांनी सांगितलं, की घरात लगेच दोन मतं पडतात. सासूबाई म्हणतात, “सुईणीला बोलवा, ती पोट चोळून बाळ सरळ करील.” नवरा म्हणतो, “आता सिझरच होणार, पैशाचं बघायला हवं.” आणि जिच्या पोटात ते बाळ आहे, तिला मात्र कुणी काही विचारतच नाही!

पायाळू माणसाची लाथ लागली की कमरेतली चमक जाते, वीज त्याच्याकडे ओढली जाते, अशा समजुती आपण लहानपणापासून ऐकतो. खरी गोष्ट साधी आहे. सातव्या महिन्यात चार-पाच बाळांपैकी एकाचं डोकं वर आणि पाय किंवा ढुंगण खाली असतं. त्यातली बहुतेक आपोआप फिरतात. दिवस भरत येतात तेव्हा शंभरात तीन-चारच तशी राहतात. त्यामुळे सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसलं, तर घाबरून जाऊ नका. छत्तिसाव्या आठवड्यात मात्र तपासणी चुकवू नका.

पायाळू बाळंतपणात बाळाचं डोकं शेवटी येतं आणि ते अडकू शकतं. कधी नाळ आधी खाली घसरून दाबली जाते. सन 2000 मध्ये 26 देशांतल्या दोन हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पायाळू बाळासाठी आधी ठरवून केलेलं सिझर जास्त सुरक्षित, असं त्यातून दिसलं. तेव्हापासून बहुतेक डॉक्टर सिझरच सुचवतात.

पण त्याआधी एक उपाय करून बघता येतो. छत्तीस-सदतीस आठवड्यांनंतर डॉक्टर पोटावरून दोन्ही हातांनी बाळाला हळूहळू कोलांटी देतात. आधी सोनोग्राफी होते, बाळाचे ठोके तपासतात, गर्भाशय सैल पडायला इंजेक्शन देतात. दोघींपैकी साधारण एकीचं बाळ फिरतं. पहिलटकरणीत हे प्रमाण थोडं कमी, आधी बाळंतपण झालेलीत जास्त. फिरलेलं बाळ पुन्हा उलटं होणं क्वचितच घडतं.

धोका अजिबात नाही असं नाही. पोट दुखतं, बाळाचे ठोके थोडा वेळ मंदावू शकतात. क्वचित पाणी जातं किंवा वार सुटून रक्तस्राव होतो. साधारण दोनशेत एकीला तातडीनं सिझर करावं लागतं. म्हणूनच ऑपरेशनची सोय जिथे हाताशी आहे, तिथेच बाळ फिरवावं. सुईणीनं घरी पोट चोळलं, तर वार सुटली की बाळाचे ठोके थांबले, हे कळणार कसं? वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणी गेलं असेल किंवा जुळी असतील, तर बाळ फिरवत नाहीत. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर नंतर अँटी-डी इंजेक्शन लागतं.

आपल्या बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दिवाळीच्या आगेमागे हजारो कोयते कारखान्यांकडे निघतात. त्यात पोटुशी बायकाही असतात. तपासणीचे नेमके आठवडे फडावर जातात आणि खाडा झाला की दंड! पोटावर टाके घेऊन पुढच्या हंगामात मोळ्या उचलणं काय असतं, ते त्या बाईलाच ठाऊक. शिवाय पहिल्या सिझरचा व्रण पुढच्या प्रत्येक बाळंतपणात लक्षात ठेवावा लागतो. म्हणून एक सिझर टळलं, तरी तिच्यासाठी ती मोठी गोष्ट असते.

ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमली गेली. तेव्हापासून ऑपरेशन म्हटलं की मनात शंका येते, ते साहजिक आहे. पण शंका मनात ठेवून घरी बसू नका, ती डॉक्टरांना विचारा. “माझं बाळ फिरवता येईल का? इथे ती सोय आहे का? नाही फिरलं तर पुढे काय?” सगळ्याच दवाखान्यांत बाळ फिरवत नाहीत. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं आणि जाण्या-येण्याची गाडी 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार मोफत आहे. तोडणीला गेलात तरी तिथल्या सरकारी दवाखान्यात हा हक्क लागू आहे. कार्ड आणि सोनोग्राफीचा कागद पेटीत न ठेवता जवळ बाळगा.

बाळ फिरवायचं नाही असं ठरलं, किंवा फिरवून फिरलं नाही, तर दवाखाना आधीच ठरवून ठेवा. एकदम पाणी गेलं तर कळांची वाट बघू नका. आडवं व्हा आणि 108 ला फोन लावा. आणि बाळ झाल्यावर त्याचे खुबे तपासून घ्या. शेवटपर्यंत पायाळू राहिलेल्या बाळांत खुब्याचा सांधा सैल असण्याची शक्यता जास्त असते. वेळेवर कळलं, तर तो ऑपरेशनशिवायही बरा होऊ शकतो.