मंदावलेला संगणक : आधी निदान, मग उपचार

तापाने मलूल झालेले बाळ समोर आले की आपण लगेच इंजेक्शन भरीत नाही. कधीपासून, कशानंतर, आणखी काय, हे आईला विचारतो आणि मग तपासतो. हा साधा नियम मी माझ्या दवाखान्यातील संगणकाच्या बाबतीत मात्र विसरलो होतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात लसीकरणाची एक नोंद उघडण्यास तो पाच-सहा मिनिटे घेऊ लागला. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षा-सुधारणांची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होती. "विंडोज ११ टाका, सारे ठीक होईल," असा सल्ला मिळाला. मी होकार देणार, तोच अभियांत्रिकी शिकणारी पुतणी म्हणाली, "काका, आधी तपासून तर पाहू या."

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवरील भार टक्क्यांत दिसतो. प्रोसेसर सतत शंभरीला असेल तर एखादा प्रोग्रॅम, क्वचित व्हायरस, त्याला राबवीत असतो. मेमरी नेहमीच भरलेली असेल तर रॅम वाढवावी. तेथील 'स्टार्टअप' यादीतून, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करता येतात. सी ड्राइव्हमध्ये पुरेशी मोकळी जागा आहे ना, तेही पाहावे. आपल्या उज्जैनचा उन्हाळा आणि धूळही विसरू नये. पंखा धुळीने कोंदला की प्रोसेसर तापतो आणि स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो.

माझ्याकडे प्रोसेसर निवांत होता, डिस्क मात्र १०० टक्क्यांवर. कान लावला तर आतून बारीक टकटक ऐकू आली. फिरत्या तबकडीची ती हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजीत होती. नवी प्रणाली बसवताना डिस्कवर फार मोठे लेखन होते. तो ताण तिला बहुधा सोसला नसता.

म्हणून प्रथम सर्व नोंदी बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवल्या. १८ वर्षांच्या वाढीच्या आणि लसींच्या नोंदी वाचल्या. सुमारे ४० बालकांच्या फाइली मात्र उघडल्याच नाहीत. पालकांना फोन करून घरची कार्डे मागवली, काहींकडे तीही नव्हती. दोष माझाच. प्रत काढण्याचे काम मी वर्षानुवर्षे उद्यावर ढकलले होते.

जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवताच तोच संगणक मिनिटभरात सुरू होऊ लागला. त्यानंतरच विंडोज ११ चा विचार केला. तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, मान्य यादीतील प्रोसेसर आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सुविधा लागते. माझ्या २०१९ च्या संगणकात ती होती, पण बंद. सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी लागली.

नवी प्रणाली घ्यावी ती सुरक्षिततेसाठी, कारण रुग्णांची माहिती ही आपल्याकडील ठेव आहे. मंदपणावरचे ते औषध नव्हे. माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती : संगणक उत्तम चालत असला तरी आज दवाखाना बंद करण्यापूर्वी नोंदींची एक प्रत काढून ठेवा.