पालखीपूर्व व्यायाम : ऋतुविचार

श्रीसंत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून ज्येष्ठात पंढरपूरकडे निघते. चाल सुमारे महिनाभराची. नवखा वारकरी बहुधा प्रस्थानाच्या तोंडावर सरावास लागतो. परंतु वाग्भटांनी अर्धशक्ती व्यायाम हेमंत, शिशिर व वसंतात सांगितला आहे. ग्रीष्मात तो अल्पच, कारण तेव्हा बल क्षीण असते. म्हणून तयारी माघातच आरंभावी, असे आम्ही सुचवितो. चाल क्रमाने वाढवावी, जोडीस बैठका. कपाळी घाम व मुखशोष ही थांबण्याची खूण. वैशाखात श्रम वाढवू नयेत. रात्री तिळतेलाने पादाभ्यंग करावा. मधुमेही वारकऱ्याच्या तळपायांची संवेदना वैद्यांनी आधी तपासावी. औषधालयांनीही केवळ वेदनाहर तेल देऊन न थांबता ही विचारणा अवश्य करावी.