हळदीचें बेणें व कंदांची कूज

हळदीची काढणी सुरू झाली, म्हणजे बागाइतदाराचें सारें लक्ष हळकुंडांकडे व काहिलीकडे लागतें. पुढील लागणीसाठीं ठेवावयाचे जेठे गड्डे मात्र बहुधा एखाद्या कोपऱ्यांत पडून राहतात. माघ-फाल्गुनांत निघालेलें हें बेणें अक्षय्य तृतीयेच्या सुमारास किंवा त्यानंतर जमिनींत जावयाचें असतें. म्हणजे दोन-अडीच महिने, आणि तेही ऐन उन्हाळ्याचे, तें आपणांस जिवंत ठेवावें लागतें. या मुदतींत तें कां नासतें, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. शिजवून वाळविलेलें हळकुंड निर्जीव आहे. बेण्याचा गड्डा सजीव आहे. सांगलीजवळील हरिपूर येथील पेवांतून वाळलेली हळद पूर्वीं दीर्घ काळ ठेवीत असत, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तोंड बंद केलेल्या पेवांतील प्राणवायु कमी होत जातो, त्यामुळें किडीस जगतां येत नाहीं व माल टिकतो. (याच कारणास्तव पेव उघडतांच त्यांत माणूस उतरूं देत नाहींत.) सन २००५ च्या महापुरांत तेथील पुष्कळ पेवांत पाणी शिरून तीं निकामी झालीं, ही गोष्ट निराळी. परंतु जी कोंडलेली हवा वाळलेल्या हळदीस हितकर, तीच बेण्यास घातक होय. गड्डा श्वसन करितो. प्राणवायु घेऊन उष्णता व ओल बाहेर टाकितो. ढीग मोठा असला किंवा वर ताडपत्री घातली, कीं हा उबारा आंतच कोंडतो, गड्ड्यांना घाम सुटतो, आणि बुरशीस जें हवें तें आयतें मिळतें.

कूज दोन प्रकारची असते. पहिली ओली. हिच्यांत गड्डा मऊ व पाणचट होतो, दाबतांच घाण पाणी येतें व दुर्गंधि सुटते. ही पिथियम नांवाच्या जंतूनें होते. यास आपण बुरशी म्हणतों, पण शास्त्रदृष्ट्या हा खऱ्या बुरशीचा वर्ग नव्हे. याचे बीजाणु पाण्यांत पोहतात, म्हणूनच निचरा नसलेल्या वाफ्यांत रोग झपाट्यानें पसरतो. दुसरी कूज कोरडी. ती बहुधा फ्युझेरियम बुरशीची. ही जखमेवाटे शिरते. गड्डा आंतून तपकिरी होतो, सुरकुततो व हलका लागतो.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. पुष्कळ बागाइतदार कूज दिसली, कीं कार्बेन्डाझिमच्या द्रावणांत बेणें बुडवितात. कोरड्या कुजीवर त्याचा उपयोग आहे. पिथियमवर तें चालत नाहीं. त्यासाठीं मेटॅलॅक्झिल असलेलें औषध लागतें. औषध चुकीचें घेऊन मग औषधांनाच दोष देणारे लोक आम्हांस नेहमीं भेटतात.

आमची स्वतःची चूकही सांगतों. एके वर्षीं मजुरांच्या तुटवड्यामुळें घाईनें, पाणी देऊन चार दिवस झाले नाहींत तोंच, काढणी केली. कुदळीनें बरेच गड्डे दुखावले; तसेच ओले पोत्यांत भरून पत्र्याच्या छपराखालीं रचून ठेविले. पाडव्यानंतर पोतीं सोडलीं, तों आंत हात ठेववेना इतकी ऊब. निम्म्याहून अधिक बेणें टाकावें लागलें. पण नुकसान तेवढ्यावर थांबलें नाहीं. उणें पडलेलें बेणें बाहेरून, मिळेल त्या भावानें आणिलें, आणि त्याच्याबरोबर ज्या वावरांत कधीं कूज नव्हती तेथेंही ती आली. पिथियम एकदां जमिनींत शिरला, कीं वर्षानुवर्षें तेथें राहतो, आणि मग त्या वावरांत आलेंही नीट येत नाहीं.

तेव्हांपासून बेण्याची निवड आम्ही पाला हिरवा असतांनाच करितों. पाला वाळूं लागल्यावर निरोगी व रोगी झाड सारखेंच पिवळें दिसतें; म्हणून निरोगी वाफ्यांस आधींच खुंट्या ठोकून ठेवितों. काढणीपूर्वीं पाणी तोडून जमीन वाफशावर येऊं द्यावी. गड्डे धुऊं नयेत. माती हातानें झाडावी, आणि जखमा सुकण्यास दोन-तीन दिवस सावलींत पसरावे. मग झाडाच्या गर्द सावलींत, उंचवट्याच्या जागीं, कमरेहून उंच होणार नाहीं असा ढीग करून वर हळदीचाच वाळलेला पाला घालावा. भोंवतीं चर खणावाच; वळवाचा एक पाऊसही ढीग नासण्यास पुरेसा होतो. दर पंधरवड्यास ढिगांत हात घालून ऊब पाहावी. कुजके गड्डे निवडून जाळावे किंवा दूर पुरावे. उकिरड्यांत टाकल्यास तीच कूज खताबरोबर शेतांत परत जाते.

लागणीच्या वेळीं दर ढिगांतील कांहीं गड्डे आडवे कापून पाहावे. काप सर्वत्र सारखा पिवळा-नारिंगी दिसावा; तपकिरी कडें दिसल्यास तो ढीग पुन्हां निवडावा. औषधाचें प्रमाण डब्यावरील लेखाप्रमाणेंच घ्यावें. ट्रायकोडर्मा वापरावयाचा असल्यास तो औषधाच्या द्रावणांत मिसळूं नये. कुजलेल्या शेणखतांत मिसळून कांहीं दिवसांनीं जमिनींत द्यावा. औषधांत बुडविलेलें बेणें उरलें, तर तें काहिलींत घालूं नये, कीं जनावरांपुढें टाकूं नये.