विलायतची गाडी पुण्याच्या दारात

पुण्याच्या मध्यमवर्गात आता असे घर विरळा की ज्यातला एखादा मुलगा, भाचा नाहीतर जावई परदेशात नाही. त्यांपैकी बरेच तिकडचेच होऊन जातात; काही मात्र परततात. कुणाला आईवडिलांची काळजी असते, कुणाला मुलांचे मराठी सुटत चालल्याची रुखरुख लागलेली असते. परतायचे ठरले की सामानाची यादी सुरू होते. पुस्तके, भांडी, मुलांच्या सायकली, शिवणयंत्र, कधीकधी अख्खा पियानोसुद्धा. आणि मग यादी करणाऱ्याची नजर खिडकीतून बाहेर जाते. दारात मोटार उभी असते. कर्ज फिटलेले, इंजिन ठणठणीत, कुठे ओरखडा नाही. ‘हीच बोटीत घातली तर?’

हा प्रश्न ऐकायला साधा आहे. पण त्याच्या उत्तरात आपल्या देशाचा पाऊणशे वर्षांचा इतिहास भरलेला आहे, आणि त्या इतिहासात पुण्याचा वाटा फार मोठा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, मोटारीला आपला कायदा सामान मानतच नाही. कायमच्या मुक्कामाला परतणाऱ्याला घरसामानावर सवलत असते. पलंग, कपाट, कपडे धुण्याचे यंत्र तिच्यात बसते. मोटार बसत नाही. मोटार म्हणजे आयात, आणि आयातीचे धोरण वेगळे. ह्या धोरणाने वापरलेल्या मोटारींना काही अटी घातल्या आहेत. मोटार बनवल्याच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नको. सुकाणू उजव्या बाजूला हवे. वेगमापकावर मैल नकोत, किलोमीटर हवेत. पुढचे दिवे डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसे हवेत, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जाता कामा नये. आणखी पाच वर्षे ती रस्त्यावर धड चालेल असा दाखला तिकडूनच आणायचा. आणि ती उतरवायची ती मुंबई बंदरातच. चेन्नई नाही, कोलकाता नाही.

आता ह्या अटींच्या चाळणीतून काय गळते पाहा. सुकाणूच्या एका अटीने सगळी अमेरिका बाद झाली, जर्मनी बाद झाला, दुबई, मस्कत, दोहासुद्धा बाद झाले. म्हणजे आपली मुले जिथे सर्वांत जास्त आहेत तेच मुलूख. उरले इंग्लंड, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, जपान, केनिया अशी डावीकडून चालणारी मोजकी राष्ट्रे. त्यांतूनही इंग्लंडच्या मोटारीचा वेगमापक मैल सांगतो.

मोटार बंदरावर उतरली तरी तिची सुटका नाही. सोडवून घेण्याआधी तिची चाचणी करून घ्यावी लागते. ही चाचणी कुठे? धोरणात ज्या संस्थांची नावे आहेत त्यांतली एक मध्य प्रदेशात बुदनीला, दुसरी संरक्षण खात्याची अहिल्यानगरला (म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरला), आणि तिसरी आपल्या पुण्यात, वेताळ टेकडीवर: १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन. संध्याकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पेन्शनर मंडळींना त्या आवारात काय चालते ह्याची कल्पना नसते. पण देशात कोणती मोटार चालण्यालायक आहे हे ठरवण्याचे काम तिथे होते.

एवढे सगळे सोपस्कार करायलाही माणसे तयार होतात. खरी गंमत पुढे आहे. ती म्हणजे जकात. (सरकारी भाषेत ‘सीमाशुल्क’ म्हणायचे, पण नाक्यावर उभे राहून पैसे मोजण्यातला जो भाव ‘जकात’ ह्या अरबी शब्दात आहे तो संस्कृत समासात उतरत नाही.)

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडहून परतायच्या बेतात होता. हिशेबाला पक्का. त्याची मोटार अडीच वर्षांची. नवी घेतली तेव्हा आपल्या रुपयांत चोवीस लाखांना पडलेली. तिकडच्या बाजारात आता चौदा लाख येत होते. त्याला वाटले, जकात ह्या चौदा लाखांवर लागेल. तसे नसते. जकातवाले तुमचा विक्रीचा भाव विचारात घेत नाहीत. ते मूळ नव्या मोटारीची किंमत धरतात आणि तीतून घसारा वजा करतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला चार टक्के, दुसऱ्या वर्षी तीन, तिसऱ्या वर्षी अडीच. म्हणजे अडीच वर्षांचे झाले तेहतीस टक्के. चोवीस लाखांतून ते गेले की उरले सोळा लाख आठ हजार. त्यात बोटीचे भाडे आणि विमा मिळवा. आपण सरळ अठरा लाख धरू.

आता टक्केवारी. वापरलेल्या मोटारीवर मूळ शुल्क १२५ टक्के आणि त्यावर अधिभार, असा एकूण भार १३७.५ टक्क्यांचा होता. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणल्याची बातमी आली तेव्हा परदेशस्थ मंडळींनी एकमेकांना आनंदाने कळवले. पण बातमीचा उत्तरार्ध कुणी वाचला नाही. अधिभार काढून टाकला आणि त्याच जागी ६७.५ टक्क्यांचा कृषी व पायाभूत सुविधा विकास उपकर बसवला. ७० आणि ६७.५ ह्यांची बेरीज तिसरीतला मुलगाही करील. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याला अठरा लाखांवर पावणेपंचवीस लाख. झाले पावणेत्रेचाळीस. त्या एकूण रकमेवर, मोठ्या मोटारींना सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दराने, ४० टक्के वस्तू व सेवा कर. ते सतरा लाख दहा हजार. सारे मिळून एकोणसाठ लाख पंच्याऐंशी हजार, आणि अजून चाचणीचा खर्च, दलालाचे पैसे, परिवहन कचेरीतली नोंदणी आणि रस्त्याचा कर व्हायचाच आहे.

त्याने कागद बायकोपुढे ठेवला. ती म्हणाली, “ह्यात कोथरूडला एक खोली येईल.” थोड्या वेळाने मात्र तीच गप्प झाली. त्यांच्या धाकट्या मुलीला इस्पितळातून घरी आणले होते ते ह्याच मोटारीतून. मोटार तिकडे विकली गेली. मुलीने तिच्या मागच्या काचेवरचे चिकटचित्र नखाने सोडवून वहीत ठेवले आहे.

हे शुल्क तिजोरी भरण्यासाठी नाही. इतक्या चढ्या दराने गाड्या येतात तरी किती आणि तिजोरीत पडते तरी काय? हे शुल्क म्हणजे सौम्य भाषेतला नकार आहे. आणि हा नकार आजचा नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे मोटारी ‘होत’ नव्हत्या, जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ पासून कारखाना होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे त्यांची मोटार व्हायची. १९५३ साली सरकारने स्पष्ट केले की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही. भाग इथेच बनवायचे असतील तर राहा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. मैदान उरले ते मुख्यतः सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमिअरला, कलकत्त्याच्या बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सला आणि मद्रासच्या स्टँडर्डला. परकीय चलनाची एवढी टंचाई की पौंड आणि डॉलर औषधासारखे मोजून मिळत. अशा काळात बाहेरून परतणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाने वा डॉक्टराने परवाना काढून आपली वापरलेली मॉरिस किंवा फोक्सवॅगन आणलीच, तर काही वर्षे ती विकायची नाही अशी अट घातलेली असे. वकिलातींच्या जुन्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, आणि त्यांसाठी पैसेवाल्यांच्या निविदा पडत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अशी एखादी मोटार असली तर सगळ्या भागाला ती ठाऊक असे. तिचा एखादा भाग निकामी झाला की नाना पेठेपासून मुंबईच्या चोरबाजारापर्यंत मिस्त्रीची पायपीट.

आणि गंमत पाहा, त्याच काळात पुण्याहून एका दिवसाच्या प्रवासावर एक परदेश होता. गोवा. तिथल्या खाणींचे लोखंड जपानला जात होते, हातात पैसा खेळत होता, आणि पोर्तुगीज सरकारचे आयातीवर आपल्यासारखे निर्बंध नव्हते. पणजी-मडगावच्या रस्त्यांवर मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होत्या. मुंबईत कारखानदाराला मिळायची नाही ती मोटार म्हापशात भाड्याने मिळायची! पोर्तुगालने १९२८ मध्ये आपली वाहतूक उजवीकडे नेली; गोव्यात मात्र ती डावीकडेच ठेवली, कारण शेजारचा सगळा मुलूख डावीकडून चालणारा. म्हणजे सुकाणूही योग्य बाजूला. अडचण फक्त मोले आणि पत्रादेवीच्या नाक्यांची. १९५५ च्या आर्थिक नाकेबंदीनंतर तर त्या वाटाच बंद झाल्या. मग १९ डिसेंबर १९६१ उजाडला. गोव्यातल्या त्या मोटारी जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. सरहद्दच त्यांच्या चाकांखालून निघून गेली आणि त्या भारतीय झाल्या. पुढे कितीतरी वर्षे गोव्याला गेलेले पुणेकर त्या जुन्या मर्सिडीज टॅक्सीत बसल्याचे घरी येऊन सांगत.

परवान्यांचे युग पुढे सरले. एप्रिल २००१ मध्ये आयातीवरचे संख्येचे निर्बंध उठले आणि वापरलेली मोटार आणायला परवाना लागेनासा झाला. दार उघडले, पण त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात वापरलेल्या मोटारींवरचे मूळ शुल्क १०५ टक्के करून ठेवले होते. कडी काढली आणि कुलूप लावले.

कुलूप किती पक्के आहे हे साऱ्या देशाला कळले ते सचिन तेंडुलकरमुळे. २००२ मध्ये त्याने ब्रॅडमनच्या एकोणतीस कसोटी शतकांची बरोबरी केली, आणि फियाटने त्याला फेरारी भेट दिली. सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते. मोटार नवी, बक्षिसाची. पण शुल्क एक कोटीच्या वर. सरकारने माफी दिली. त्यावर गदारोळ उठला, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर शुल्क फियाटने भरले. कायम परतणारे, परदेशी वारलेल्या नातलगाचे वारस, आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले विजेते ह्यांचा धोरणात वेगळा उल्लेख जरूर आहे. पण जकातीच्या खिडकीपुढे सगळ्यांना खिसा मोकळा करावाच लागतो.

जिथे भिंत उंच, तिथे भिंतीला भोके पाडणारेही असायचेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क खात्याने केरळात ‘ऑपरेशन नुमखोर’ ह्या नावाने मोठी झडती मोहीम काढली. (नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत वाहन.) भूतानमध्ये निकालात निघालेल्या जुन्या मोटारी चोरवाटेने भारतात आणून, खोट्या कागदपत्रांवर दुसऱ्या राज्यांत नोंदवून विकल्या, असा खात्याचा आरोप आहे. स्वस्तात मिळालेल्या परदेशी मोटारीचे पहिले नोंदणीपत्र कुठल्या दूरच्या डोंगरी राज्यातले असेल, तर वाचकांनी खिशात हात घालण्याआधी चार ठिकाणी चौकशी करावी, एवढे ह्या निमित्ताने सांगून ठेवतो.

मग ही भिंत पाडावी काय? न्यूझीलंडने पाडून पाहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जपानच्या वापरलेल्या मोटारींना वाट मोकळी करून दिली. सामान्य माणसाला उत्तम मोटार स्वस्तात मिळू लागली. आणि १९९८ मध्ये शुल्क पूर्ण उठले त्या वर्षी तिथले मोटारी जोडणारे उरलेसुरले कारखाने बंद पडले. तिथे कुणी फार अश्रू ढाळले नाहीत. न्यूझीलंडची वस्ती ती केवढी!

पुण्याचे तसे नाही. पिंपरीच्या कारखान्यातून १९९५ पासून मर्सिडीज जोडून बाहेर पडू लागली; इंडिका १९९८ मध्ये आली ती पुण्यातच घडून. पुढे चाकण, रांजणगाव, तळेगाव. एकेका मोठ्या कारखान्यामागे भोसरीतली शेकडो लहान शेड, जिथे कुणी नुसता वॉशर करतो, कुणी रबराची नळी. जपानमधून दरसाल लाखोंनी बाहेर पडणाऱ्या वापरलेल्या मोटारी मुंबईला उतरू लागल्या तर पहिला दणका ह्या शेडना बसेल. आमच्या त्या विद्यार्थ्याचाच थोरला भाऊ चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. धाकट्याचा हिशेबाचा कागद त्याने वाचला आणि म्हणाला, “वाईट वाटतं रे; पण माझा पगार ह्याच आकड्यांतून निघतो.” दोघे भाऊ आता थोरल्याच्या कारखान्यातली मोटार वापरतात. तिचे दार इंग्लंडातल्या मोटारीसारखे हलक्या आवाजात लागत नाही, अशी धाकट्याची तक्रार अजून आहे. मला ती रास्त वाटते. भिंतीच्या आत राहणाऱ्या कारखानदारांनी त्या दाराचा आवाज ऐकायला पाऊणशे वर्षे पुरेशी होती.

एक फट मात्र कायद्याने स्वतःच ठेवली आहे. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या मोटारी ऐतिहासिक ठेवा म्हणून आणता येत. २०२५ मध्ये ही मर्यादा बदलली. आता पन्नास वर्षांहून जुनी मोटार परवान्याशिवाय आणायला हरकत नाही, शुल्क अर्थातच भरायचे. तीन वर्षांच्या आतली चालते, पन्नासच्या पुढची चालते. मधली सत्तेचाळीस वर्षे मोटारीने परदेशातच काढायची. विलायतेत ज्यांच्या घरी कोरडी गॅरेज आहे आणि नातवंडांवर भरवसा आहे, त्यांनी यंदा घेतलेल्या गाडीवर आच्छादन घालून ठेवायला हरकत नाही.