लिहिता येणारी खिडकी

एखाद्या मोठ्या परिषदेच्या प्रवेशद्वाराशी व्याख्यानांचे वेळापत्रक काचेच्या कपाटात लावलेले असते. ते वाचावयास कोणालाही मुभा असते. पण कपाटाला कुलूप असते आणि किल्ली चिटणिसांपाशी. दुपारचे व्याख्यान दुसऱ्या दालनातून चौथ्या दालनात गेले, ही वार्ता दाराशी ताटकळणाऱ्यांना आधी कळते. फलकावर ती उमटावयास मात्र चिटणिसांची वाट पाहावी लागते. आणि श्रोत्यांनी केलेली टिपणे, काढलेल्या शंका, सुचविलेल्या दुरुस्त्या यांना तर त्या फलकावर जागाच नसते. परिषद संपते, आणि ते सारे ज्ञान ज्याच्या त्याच्या वहीत मिटून घरी जाते.

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या परिषदांतही हेच घडते. अमेरिकेत २००३ साली सुरू झालेली ‘पायकॉन’ किंवा त्याच नावाने २००९ साली बंगळूर येथे प्रथम भरलेली भारतीय परिषद, अशा मेळाव्यांत एकाच वेळी अनेक दालनांत व्याख्याने चालतात. त्यांचे वेळापत्रक आज ‘एपीआय’च्या द्वारे खुले करता येते. एपीआय म्हणजे एका आज्ञावलीने दुसरीशी व्यवहार करण्याची ठरीव रीत. बँकेच्या खिडकीवर विशिष्ट नमुन्याचा अर्ज दिला की आतील कारकून ठरलेले काम करून देतो. आतील कपाटे उघडावी लागत नाहीत. तसेच हे आहे. परंतु अशा कित्येक खिडक्या केवळ माहिती देतात, घेत नाहीत.

महाजालाच्या जनकाची कल्पना अशी एकेरी नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत जो पहिला ब्राउझर सिद्ध केला, त्यात पान वाचता येई, तसेच ते लिहिता व सुधारताही येई. १९९३ साली आलेल्या ‘मोझॅइक’ने महाजाल घरोघरी लोकप्रिय केले, पण ते मुख्यतः वाचण्याचे साधन होते. लेखणी मागे राहिली.

लिहिण्याची मुभा देताच तीन प्रश्न उभे राहतात. लिहिणारा कोण? दोघांनी एकदमच लिहिले तर काय? आणि कोणी खोडसाळपणा केला तर?

पहिल्यावर २००७ साली ‘ओऑथ’ नावाची रीत पुढे आली. घराच्या किल्ल्यांचा जुडगा पाहुण्याच्या हाती न देता एकाच खोलीची किल्ली द्यावी आणि हवी तेव्हा ती परत घ्यावी, असे तिचे स्वरूप आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर २००४ साली इंग्लंडात सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकनिर्मित नकाशात सापडते. तेथे प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक असतो. दोघांनी सातवी आवृत्ती वाचली आणि एकाने ती सुधारली, की ती आठवी होते. दुसरा सातवीच्या आधारे लिहू लागला तर ‘आधी नवी आवृत्ती वाचा’ असे त्यास सांगून परत पाठविले जाते. त्यामुळे एकाचे श्रम दुसऱ्याच्या हातून नकळत पुसले जात नाहीत. शिवाय जुन्या आवृत्त्या जपलेल्या असल्याने खोडसाळ बदल मागे घेता येतो. हेच तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर.

परंतु मतभेदांचे काय? एकास व्याख्यान उत्कृष्ट वाटले, दुसऱ्यास सामान्य. येथे खरी आवृत्ती कोणती? टेरी जोन्स यांच्या पुढाकाराने २००९ साली पुढे आलेल्या ‘फ्लुइडडीबी’ या सेवेने यावर मार्मिक तोड काढली. तेथे वस्तूला मालक नसे. तिला जोडलेल्या चिठ्ठीला मात्र मालक असे. कोणत्याही वस्तूला कोणीही स्वतःच्या नावाची चिठ्ठी जोडावी. ती कोणी वाचावी वा बदलावी, हे चिठ्ठीच्या धन्याने ठरवावे. ग्रंथालयातील पुस्तकाच्या समासात प्रत्येकाने आपल्या सहीनिशी टीप लिहावी, दुसऱ्याच्या टिपेवर रेघ मारू नये, असा हा न्याय.

परिषदेसाठी अशी खिडकी बांधू पाहणाऱ्यांस यावरून दिशा मिळते. प्रत्येक व्याख्यानास कायमचा क्रमांक द्यावा. वेळ व दालन या अधिकृत नोंदी बदलण्याचा अधिकार चिटणिसांकडेच ठेवावा. मात्र दालन बदलल्याची वर्दी, टिपणे, दुरुस्त्या व अभिप्राय प्रत्येकाने आपल्या नावाने त्याच क्रमांकाशी जोडावेत. मग कोणी त्यावरून अंध श्रोत्यासाठी बोलणारे वेळापत्रक रचील, तर कोणी नवशिक्यांसाठी निवडक व्याख्यानांची यादी करील. चिटणिसांची परवानगी मागण्याचे कारण उरणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘फ्लुइडडीबी’ची सेवा आज चालू नाही. लोकांनी विश्वासाने लिहिलेले एकाच कपाटात राहिले, तर कपाटाबरोबर तेही जाते. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ आपल्या नकाशाची संपूर्ण प्रत दर आठवड्यास सर्वांसाठी उपलब्ध करते, ती प्रथा म्हणूनच अनुकरणीय होय. लिहिण्याचा हक्क देणाऱ्याने लिहिलेले सोबत नेण्याचा हक्कही दिला पाहिजे. तसे झाले तर परिषदेचा मंडप उतरल्यावरही श्रोत्याच्या वहीतील ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.